पाटीवरचं नाव

आबांच्या हातचा ‘ळ’ मी कोल्हापुरात कुठंही ओळखतो. बाकीची अक्षरं त्यांची इतर पेंटरांसारखीच होती. खरं सांगायचं तर ‘क्ष’ जरा डावाच यायचा. पण ‘ळ’ काढावा तर त्यांनीच. दोन्ही वाटोळी अगदी सारखी, आत हवा खेळेल एवढी मोकळी, आणि मधली गाठ अशी की आत्ता सुटेल असं वाटावं. एवढ्याशा पाटीसाठी एवढा ‘ळ’ कशाला, असं आई म्हणायची.

पाट्या रंगवणं हेच आमच्या घरचं पोट. पत्र्याला आधी तांबड्या ऑक्साइडचा हात, तो वाळला की बेसचे दोन हात. मग खडू फासलेली दोरी. एक टोक आबांच्या बोटांत, दुसरं माझ्या. मधे चिमटीत धरून सोडली की फट्‌ असा आवाज व्हायचा आणि पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उमटायची. ती शिरोरेषा. मग आबा हवेतच बोटानं अक्षरं मोजायचे. तेरा अक्षरं, दोन जोडाक्षरं, एक रफार, कडेला चार बोटं जागा. डाव्या हातात टोकाला चिंधीचा गोळा बांधलेली काठी, काठीवर उजवं मनगट टेकवलेलं, आणि रंगात टर्पेंटाइन इतकंच की ब्रश अडू नये आणि रंग ओघळू नये. उभी रेघ ओढताना ते माझ्याशी बोलायचे. गोलाई आली की बोलणंही थांबायचं आणि श्वासही.

त्या वेळी हाक मारली तरी त्यांना ऐकू जायचं नाही. चहावर साय धरायची. गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहायचं, जरा वेळ बघायचं आणि मलाच विचारायचं, “पेंटर हायत न्हवं?” समोर बसलेला माणूस दिसत असताना! मला तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, प्रश्न तसा रास्तच होता.

अक्षर पुरं झालं की आबा मान वर करायचे. चेहऱ्यावर आनंद म्हणावा असं काही नसायचं, अभिमान तर त्याहून नसायचा. संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर दूध काढायला आणलेल्या म्हशी रवंथ करत उभ्या असतात, त्यांच्या डोळ्यांत जे असतं तसलं काहीतरी असायचं. उपमा वडिलांना शोभणारी नाही, पण आबांना म्हशी आवडायच्या, ते समजून घेतील.

आणि ब्रश रॉकेलमध्ये पडला की आबा पुन्हा आबा. उधारी बुडवणाऱ्याला शिव्या, आमटीत मीठ कमी म्हणून आदळआपट, गावाकडच्या सामायिक बांधावरून चुलत्याशी वर्षानुवर्षं अबोला. हे मुद्दाम लिहितो, कारण वडिलांवर लिहायला बसलं की माणूस त्यांना हळूहळू संत करून टाकतो. आबा संत नव्हते. दिवसातले दोन-तीन तास ते नव्हतेच, एवढंच.

पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बाकीचे पेंटर बारीक अक्षरात आपलं नाव टाकायचे. आबांनी कधीच टाकलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “नाव दुकानदाराचं हाय. मधी आपलं कशाला घुसवायचं?” ह्यात तत्त्वज्ञान वगैरे शोधू नये. कोपऱ्यात बारीक अक्षर काढायला वेळ जातो आणि त्याचे पैसे कुणी देत नाही, हेही एक कारण होतंच.

पण गंमत बघा, त्यांचं स्वतःचं नाव खरोखरच गळून पडलं. पोस्टमनपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना ते ‘पेंटर’. कोल्हापूरला ह्यात नवल नाही. ह्या गावात बाबूराव मेस्त्रींचे बाबूराव पेंटर झाले आणि तेच नाव मराठी सिनेमाच्या इतिहासात गेलं. आमच्या आबांचं नाव कुठल्याच इतिहासात जाणार नव्हतं, ते रेशनकार्डावर राहिलं. २०११ च्या पावसाळ्यात ते गेले तेव्हा चौकातल्या फळ्यावर तालमीच्या पोरांनी निधनाची वार्ता लिहिली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तास दोन तास लोक फळा वाचून नुसते पुढे जात होते. मग कुणीतरी खडू घेऊन नावापुढे ‘पेंटर’ असं लिहिलं, आणि दहा मिनिटांत आमच्या दारात माणसं मावेनात.

मी आबांवर गेलो नाही. मला नाव लागतं.

किती लागतं ते सांगतो. मी ज्या संस्थेत नोकरी केली, तिच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघाली. चार महिने मी लेख गोळा केले, शुद्धलेखन तपासलं, जाहिरातींसाठी उंबरे झिजवले, छापखान्यात रात्री काढल्या. अंक हातात आला. संपादक मंडळाच्या यादीत अकरा नावं होती आणि त्यांत माझं नव्हतं. “नजरचुकीनं राहिलं” असं संबंधितांनी सांगितलं, आणि तसंच असेलही. पण मी त्यानंतर तीन महिने धड झोपलो नाही. जेवताना ती यादी आठवायची. रंकाळ्यावर फिरायला गेलो की पहिल्या फेरीत मी त्यांना काय सुनावलं असतं ते, आणि दुसऱ्या फेरीत त्यांनी काय उत्तर दिलं असतं ते. संध्यामठापाशी पाणी काय रंगाचं झालंय, हे बघितल्याचं त्या तीन महिन्यांतलं मला आठवत नाही.

एका रात्री गच्चीत पडल्या पडल्या मनात आलं, दुखतंय नक्की कुठं? दाढ दुखते तेव्हा बोट ठेवता येतं. इथं बोट कशावर ठेवायचं? छातीत थोडं आवळल्यासारखं होत होतं, पण ते काही अपमान झालेलं ठिकाण नव्हे. डोक्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा वाजत होतं, पण वाक्याला काय दुखणार? अपमान झाला तो कोण, हे शोधत गेलो तर हाताला कुणी लागेचना. गुन्हा नोंदवायला गेलो आणि फिर्यादीच सापडेना, अशी गत. मिनिटभर मला खरोखर मोकळं वाटलं. आणि लगेच पुढचा विचार आला, ‘एवढं खोल आपल्यालाच सुचलं!’ सापडला फिर्यादी.

ह्या शोधाची वाट माझ्या घरापासून फार लांब नव्हती, हे मला उशिरा कळलं. लहानपणी आबा सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून मला कणेरी मठावर न्यायचे. गावापासून बारा-एक किलोमीटर. आज तिथं ग्रामजीवनाचं संग्रहालय बघायला सहली येतात, तेव्हा एवढं काही नव्हतं. मुप्पिन काडसिद्धेश्वर महाराजांचं प्रवचन असायचं. त्यातला एक शब्द मला आठवत नाही. आठवते ती देवळाची गार फरशी, आणि प्रसादाच्या रांगेत आबांनी माझ्या डोक्यावर ठेवलेला, टर्पेंटाइनचा वास येणारा हात.

मोठेपणी वाचनात आलं की हे महाराज मठाधिपती असूनही त्यांनी सिद्धरामेश्वर महाराजांना, म्हणजे एका प्रपंचातल्या माणसाला, गुरू केलं होतं. गादीवर बसलेल्यानं खाली उतरून गृहस्थापुढे बसायचं, ही साधी गोष्ट नव्हे. आणि त्याच सिद्धरामेश्वरांचे दुसरे एक शिष्य मुंबईत खेतवाडीत राहायचे, विड्यांचं दुकान चालवायचे. मारुती कांबळी. जग त्यांना निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखतं. ते बोलायचे मराठीत, ऐकायला माळ्यावर देशोदेशीची माणसं यायची, शेजारी दुभाषी बसलेला असायचा. त्या संभाषणांचं इंग्रजी पुस्तक १९७३ साली निघालं आणि जगभर गेलं. मी स्वतः ते पहिल्यांदा इंग्रजीतच वाचलं, मांडीवर डिक्शनरी घेऊन. विडीवाल्याचं मराठी बोलणं मराठी माणसानं इंग्रजीतून वाचायचं, ह्याला काय म्हणावं!

ह्या परंपरेत दोन वाटा सांगितल्या जातात. सिद्धरामेश्वरांचे गुरू भाऊसाहेब महाराज उमदीकर, म्हणजे आपल्या जतेजवळच्या उमदीचे. त्यांची वाट नामाची, ध्यानाची, मुंगीची. मुंगी खोडावरून, फांदीवरून चढत चढत फळापर्यंत जाते. सिद्धरामेश्वरांनी भर दिला पक्ष्याच्या वाटेवर. झेप घ्यायची आणि थेट फळावर बसायचं. ही झेप विचारानं घ्यायची, नेमकेपणानं बघून. स्थूल देह हा मी आहे का? तो तर मला दिसतो, बालपणापासून बदलत आलाय. मग मन, बुद्धी, इच्छा ह्यांचा सूक्ष्म देह? विचार येतात आणि जातात, त्यांचं येणं-जाणं कुणाला तरी कळतं. त्याच्या आत कारण देह, म्हणजे काहीच न कळण्याचा अंधार. पण ‘काही कळत नाही’ हेही कळतंच की. चौथा महाकारण, म्हणजे नुसतं ‘मी आहे’ एवढं भान. आणि शेवटी तेही धरून ठेवायचं नाही. कांद्याचे पापुद्रे काढत जावं तसं हे आहे, फरक एवढाच की सोलणाराही त्यातच सोलला जायचा असतो.

आमच्यासारख्यांची तिसरी वाट असते. झाडाखाली बसून मुंगी बरी की पक्षी, ह्यावर मिसळ खात वाद घालायचा.

वाद घालून दमल्यावर मी करूनही बघितलं. पहाटे पाचला उठून बसायचं, आत बघायचं. वर्षभर नेमानं केलं. फायदा झाला नाही असं म्हणत नाही. राग आलेला कळायला लागला, आधी तो येऊन घर जाळून गेल्यावर कळायचा. पण एक नवीनच इसम घरात राहायला आला, जो पहाटे पाचला उठायचा आणि सातपर्यंत झोपणाऱ्या शेजाऱ्यांकडे दयेनं बघायचा. बायको एकदा म्हणाली, “तुम्ही आधी बरे होता. निदान भांडत तरी होता.” हा नवा ‘मी’ जुन्यापेक्षा चिवट होता, कारण त्याच्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती. स्मरणिकेतल्या नावावर चिडणाऱ्या माणसाला आपण चिडलोय हे तरी ठाऊक होतं.

ह्या काळात एका शब्दावर माझं लक्ष गेलं, तेही व्याकरणामुळे. आपण म्हणतो, ‘मी पाटी रंगवली’, ‘मी स्मरणिका काढली’. पण ‘मी समाधान केलं’ असं स्वतःबद्दल कुणी म्हणत नाही. ‘मला समाधान वाटलं’ म्हणतो. भूक लागते मला, झोप येते मला, उचकी लागते मला, त्याच रांगेत समाधान बसलंय. कर्त्याच्या जागेवर मी नाहीच, मी नुसता पत्ता आहे. पोस्टमन त्या पत्त्यावर येतो किंवा येत नाही. ‘समाधान मानून घेणं’ असाही एक प्रयोग आहे, त्यात कर्ता असतो, पण त्याची चव सगळ्यांना ठाऊक आहे. आणि समाधान न् समाधी हे दोन्ही एकाच धातूतून आलेले सख्खे भाऊ. त्यांतला एक आपण डोंगरावर नेऊन बसवला आणि दुसरा जेवणानंतरच्या ढेकरेला जोडला. मला ढेकरेवाला जवळचा वाटतो.

मेंदूवाल्यांचंही ह्यावर काही म्हणणं आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की माणूस काहीच करत नसतो तेव्हा मेंदूचे काही भाग उलट जास्त चालू असतात, आणि काम हातात आलं की ते मंद होतात. ह्या जाळ्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. पुढच्या संशोधनात त्याचा संबंध स्वतःविषयीच्या विचारांशी, आठवणींशी, ‘माझं काय होणार’ ह्या गोष्टीशी लावला गेला. म्हणजे रंकाळ्याच्या दोन फेऱ्या! ह्यावरून अद्वैत सिद्ध झालं म्हणून नाचणारे लोक मला भेटलेत. तसं काही सिद्ध होत नाही. पण ‘ळ’ची गोलाई येताना आबांना हाक का ऐकू जात नसे, ह्याचा थोडा अंदाज येतो.

मग २०१९ चा ऑगस्ट आला.

पुराबद्दल कोल्हापूरच्या माणसाला सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे पावसाळ्यात लोक एकमेकांना ‘कसं काय’ विचारत नाहीत, ‘किती फूट’ विचारतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. त्या वर्षी ती ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, पेट्रोल नाही, दूध नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती ह्या पाच जणी प्रयाग चिखलीला आपापली नावं टाकून पंचगंगा होतात, असं आपण कौतुकानं सांगतो. नदीनं नाव टाकणं हा अध्यात्मातला लाडका दृष्टांत. त्या आठवड्यात चिखलीच्या माणसाला तो कुणी ऐकवला असता तर मार खाल्ला असता. अख्खं गाव सोडून माणसं बाहेर आली होती. हद्द पुसली जाणं म्हणजे दरवेळी शांती नव्हे, कधी ती नुसती भीती असते. बोटीतून उतरणारी बाई पोराला एका हातात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड दुसऱ्या हातात धरून उतरायची. पंचनाम्याला नाव लागतं. सगळी नावं मिथ्या आहेत असं तिला सांगणाऱ्याची मला लाज वाटली असती, आणि वर्षभरापूर्वी तो मीच होतो.

एका शाळेत सोय केली होती. ट्रक रस्त्यावरच थांबायचा, फाटकापासून वर्गांपर्यंत माणसांची साखळी. मी मधे कुठंतरी. डावीकडून पोतं, चादरींचा गठ्ठा, भाकरींची बुट्टी यायची, उजवीकडे द्यायची. डावीकडे कॉलेजचं पोरगं, उजवीकडे दाढीवाले चाचा. कुणी कुणाला नाव विचारलं नाही. “धर भावा”, “सोड भावा”, एवढीच भाषा. दुपारी दोनला उभा राहिलो आणि कुणीतरी “आता बास” म्हटलं तेव्हा दिवे लागलेले. गुडघ्यांचा त्रास आहे मला, दहा मिनिटं उभा राहिलो की आठवण करून देतात. त्या दिवशी ते कुठं गेले होते कोण जाणे. त्या चार तासांत मला काय वाटलं हे सांगायला गेलो तर सांगता येत नाही, कारण वाटून घ्यायला कुणी मोकळं नव्हतं. नंतर शाळेच्या पायरीवर बसलो, कुणीतरी कागदी कपात चहा दिला. समोर म्हशी नव्हत्या, पण माझे डोळे तसेच दिसत असणार.

रात्री घरी येऊन साखळीचा फोटो फोनवर टाकला. झोपेपर्यंत सात वेळा उघडून बघितलं, किती जणांना आवडला.

पाणी ओसरल्यावर शाहूपुरीत ओळखीच्यांचं दुकान साफ करायला गेलो होतो. चिखलाचा तो वास ज्यानं घेतलाय तो विसरणार नाही. तीन दुकानं सोडून एक मोबाइलचं दुकान, तिथला विशी-बाविशीचा पोरगा आतला गाळ फावड्यानं ओढत होता. त्याच्या दुकानावरचं डिजिटल पाण्यानं फाटून लोंबत होतं आणि त्याच्या मागे जुनी पाटी उघडी पडली होती. लाकडी चौकटीवरचा पत्रा, पिवळा बेस, तांबडी अक्षरं. वरची ओळ, मालकाचं नाव, गंजानं खाल्लेली. खालची ओळ शाबूत: ‘गूळ व किराणा मालाचे व्यापारी’.

‘गूळ’मधला ‘ळ’ मी बघितला आणि जागचा हललो नाही. दोन्ही वाटोळी सारखी, आत हवा खेळेल एवढी मोकळी. पुराच्या पाण्याची रेघ बरोबर गाठीवरून गेली होती.

कोपऱ्यात नजर गेलीच माझी. सवय. कोपऱ्यात काही नव्हतं.

पोरानं फावडं थांबवलं. “काय बघायलाय काका? जुनं कायतरी निघालंय. कुणाचं हाय कुणास ठाऊक, आमच्या पप्पांनी गाळा घेतला त्याच्या आधीचं.” मी काही बोललो नाही. त्यानं चौकटीला हात घातला, दोन हिसक्यांत पाटी खाली आली. मग ती हातात तोलत माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमचं काय हाय काय ह्यात?”

सांगायला केवढं होतं! दोरीचं एक टोक कदाचित मीच धरलं असेल. ब्रश तर मीच धुतले असतील. जिभेवर आलं होतं सगळं.

“नाही,” मी म्हणालो.

“मग टाकू का हितं? पाय भरायलेत सगळ्यांचे.” त्यानं पाटी उंबऱ्यापुढच्या चिखलावर आडवी टाकली, अक्षरं वर. “या की आत. ह्याच्यावरनं या.”

मी चपला काढून हातात घेतल्या. पत्रा गार होता, पायाखाली जरासा दबला. आत गेलो, कोपऱ्यातलं दुसरं फावडं उचललं. पोरगा म्हणाला, “तिकडनं ओढा काका, मी हिकडनं येतो.”